चाई, पिचकारी आणि मिठाचे पाणी

मालवणात काय किंवा देवगडात काय, एखाद्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली, की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "चाई पडली, केस किड्याने खाल्ले." हा किडा मात्र आजवर कुणी पाहिलेला नाही. पाहणार कसा? तो नसतोच.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, हे तुम्ही शिकला आहात. चाईत यांतल्याच काही पेशी केसाच्या मुळाला परके समजून त्याच्यावर हल्ला चढवतात. केस गळतो, पण ज्या पिशवीतून तो उगवतो, ती सहसा नष्ट होत नाही. म्हणूनच केस परत येऊ शकतो. यातूनच दुसरी गोष्ट निघते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. त्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवण्याचे काही कारण नाही. (डोक्यावरच्या गजकर्णानेही केस जातात आणि ते मात्र पसरते, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.)

हा हल्ला थोपवण्यासाठी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन नावाचे स्टेरॉइड चकतीच्या त्वचेत, सेंटिमीटरभर अंतराने, थोडे थोडे टोचतात. त्याने गुण येतो हे ठरवायचे कसे? टोचावे आणि केस उगवतात का ते पाहावे, असे तुम्ही म्हणाल. मेख इथेच आहे. लहान चकतीवरचे केस पुष्कळदा वर्षभरात आपोआप येतात. मृगाच्या तोंडावर तुम्ही परसातल्या भेंडीला खत घातले आणि पाऊस लागला. भेंडी तरारली ती कशाने? शेजारचा एक वाफा बिनखताचा ठेवला असता, तरच सांगता आले असते.

अ‍ॅबेल आणि मन्रो या ब्रिटिश संशोधकांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असा वाफा ठेवला होता. 84 रुग्णांना त्यांनी सुईविना, दाबाच्या जोराने औषध त्वचेत घुसवणाऱ्या पिचकारीने ट्रायअ‍ॅम्सिनोलोन दिले. 15 जणांना नुसते मिठाचे पाणी. काहीच न देता चालले नसते का? नाही. पिचकारीच्या माऱ्यानेच त्वचा चेतून केस येत असतील तर? मारा दोन्हीकडे सारखा ठेवला, की फरक उरतो तो औषधाचा.

तीनदा दिल्यावर, 12 आठवड्यांनी 84 पैकी 52 जणांना केस आले. मिठाच्या पाण्यावर 15 पैकी एकाला. शेकडेवारी काढा. मग धरून चाला, की त्या 15 मध्ये आणखी दोघांना केस आले असते. शेकडा 7 चे एकदम 20 होतात! लहान गटाचे हे असेच असते.

औषधाला मर्यादा आहेतच. ते जास्त झाले तर त्वचेला खळगा पडतो, आणि दुसरीकडे नवी चकती उठणे त्याने थांबत नाही.

आता वर्गात वाद घाला: मिठाचे पाणी मिळालेल्यांवर अन्याय झाला का? आज भारतात अशा चाचणीपूर्वी रुग्णाला सारे समजावून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. रुग्ण तुमच्या वयाचा असेल तर पालकांची संमती लागते, आणि शिवाय त्याचा स्वतःचा होकारही.