आम्लपित्ताची औषधे आणि रक्तातील क्वचित बिघाड

अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा वऱ्हाडातील एखाद्या तालुक्याच्या गावी काय, औषधाच्या दुकानात ‘ॲसिडिटीची गोळी द्या’ ही मागणी नित्याची झाली आहे. (जठारपेठेतील ‘जठार’ आणि पोटातील ‘जठर’ यांचे साम्य केवळ कानापुरते आहे.) तिखट रस्सा, अवेळी जेवण, वारंवार चहा, तंबाखू आणि सांधेदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे छातीत जळजळ होते. गोळी घेताच ती शमते आणि मग सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची ती गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू राहते. बहुतेकांना ती मानवते, हे खरे आहे. तथापि काही थोड्या व्यक्तींमध्ये या औषधांचा परिणाम जठरापुरता न राहता रक्तावरही होतो. तो वेळीच ओळखला गेला तर उपाय सोपा असतो. ओळखला न गेल्यास जिवावर बेतू शकते.

औषधाच्या जन्मातच रक्ताचा प्रश्न

जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण करतात. हिस्टामिन नावाचे द्रव्य या पेशींना तसा संदेश देते. सिमेटिडिन, रॅनिटिडिन व फॅमोटिडिन ही औषधे हा संदेश अडवितात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही नंतर आलेली औषधे मात्र आम्ल बाहेर टाकणारा पेशीतील पंपच बंद करतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत मेटिअमाइड हे औषध तयार केले. ते गुणकारी होते. पण काही रुग्णांच्या रक्तातील श्वेतपेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घटल्या. रेणूतील थायोयुरिया या घटकावर संशय आला. तो बदलून सिमेटिडिन बनविण्यात आले आणि १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये वापरात आले. ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुष्कळांना ही यशकथा ठाऊक असते, तिच्यातील रक्ताचा अध्याय मात्र सहसा सांगितला जात नाही.

सुधारलेल्या औषधातही धोका पूर्ण नाहीसा झाला नाही. सिमेटिडिनच्या माहितीपत्रकात श्वेतपेशी घटण्याचे प्रमाण सुमारे एक लाख रुग्णांत एक, तर रक्तबिंबिका म्हणजे प्लेटलेट घटण्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे तीन असे दिलेले आहे. ओमेप्राझोल व पँटोप्राझोलच्या माहितीपत्रकांतही अशा परिणामांची नोंद ‘क्वचित’ वा ‘अतिक्वचित’ म्हणून आढळते. प्रमाण एवढे अल्प असल्याने घाबरून औषध टाकून देण्याचे कारण नाही. मात्र गोळी लाखो लोक घेत असतील, तर अल्प प्रमाणातूनही प्रत्यक्ष माणसे निघतात.

डेंग्यूच्या दिवसांतील गोंधळ

निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारणतः दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. काही व्यक्तींच्या शरीरात औषधाच्या उपस्थितीत अशी प्रतिद्रव्ये तयार होतात, की ती स्वतःच्याच प्लेटलेटवर हल्ला करतात. मग हिरड्यांतून रक्त येते, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, मार न लागताही अंगावर काळेनिळे डाग दिसतात. अस्थिमज्जेवर परिणाम होऊन श्वेतपेशी घटल्या तर खूण वेगळी असते : एकाएकी थंडी वाजून ताप, घशात दुखणे, तोंडात व्रण.

वऱ्हाडात पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण आढळतात, आणि डेंग्यूतही प्लेटलेट व श्वेतपेशी उतरतात. त्यामुळे प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण डेंग्यूची तपासणी नकारार्थी आली, ताप उतरला आणि आकडा मात्र वर चढत नाही, अशा वेळी रुग्णाच्या औषधांची यादी पाहणे अगत्याचे असते. तापाच्या रुग्णास इतर औषधांबरोबर आम्लरोधक इंजेक्शन देण्याची प्रथा सर्वत्र रूढ असल्याने संशय त्याच्याकडे जातच नाही. औषधच कारण असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबविल्यावर प्लेटलेट बहुधा आठवडाभरात पूर्ववत होऊ लागतात. श्वेतपेशींना एक ते तीन आठवडे लागू शकतात. पुढे तेच औषध पुन्हा देऊ नये म्हणून त्याचे नाव रुग्णाच्या कागदावर ठळक लिहिणे आवश्यक असते.

हळूहळू होणारी हानी

यापेक्षा अधिक आढळणारा परिणाम मुकाट्याने होतो. अन्नातील प्रथिनांपासून ब-१२ जीवनसत्त्व सुटे होण्यासाठी आम्ल लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दोन वा अधिक वर्षे ही औषधे घेणाऱ्यांत या जीवनसत्त्वाची कमतरता अधिक आढळली. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. म्हणून त्रास उशिरा दिसतो आणि गोळीशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. थकवा, पायांना मुंग्या, विस्मरण हे म्हातारपणाच्या खात्यावर जमा होते. वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ नसल्याने माळकरी वा शाकाहारी वृद्धांचा साठा मुळातच बेताचा असतो. भाकरी, डाळ व भाजी यांतील लोह शोषले जाण्यासही आम्ल साह्य करते. तेव्हा पंडुरोग असलेल्या स्त्रीस लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ती आम्लरोधक गोळी घेते काय, हे आशा कार्यकर्तीने विचारावयास हवे.

हृदयविकारानंतर रक्त गोठू नये म्हणून क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ओमेप्राझोल त्या औषधाचा प्रभाव घटवू शकते. सिमेटिडिन वॉरफॅरिनचा प्रभाव वाढवून रक्तस्रावाची भीती निर्माण करते. उलट ॲस्पिरिन घेणाऱ्या कित्येक वृद्धांना जठरातील रक्तस्राव टाळण्यासाठीच आम्लरोधक औषध दिलेले असते. ते परस्पर बंद करणे घातक ठरेल.

नोंद कोठे करावी

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१० मध्ये भारतीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन हे त्याचे राष्ट्रीय केंद्र असून, देशभरातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रे आहेत. डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांच्याप्रमाणे रुग्णालाही माहिती कळविता येते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नसते; संशय पुरेसा असतो. गोळीचे नाव, ती केव्हा सुरू केली, त्रास केव्हा जाणवला आणि सोबत कोणती औषधे चालू होती, एवढा तपशील हाती असावा. त्यासाठी गोळ्यांची रिकामी पट्टी फेकून न देता दवाखान्याच्या कागदांसोबत ठेवावी.