रविवारचा निकाल आणि रविवारची भजी

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

"तू? आणि मराठीत लेख?" असं मराठी विभागाच्या संपादिकेने विचारलं तेव्हा मी जरा चिडलोच. पण तिचंही खरं होतं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं आणि ग्राउंडवरचं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी अजूनही गडबडतो, म्हणून आकडे सगळे अंकांतच लिहिणार आहे. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय मात्र माझ्या हातातला आहे. गेली दोन वर्षं आपल्या होस्टेलच्या फुटबॉल क्लबची वही माझ्याकडे आहे. वही म्हणजे सामन्यांचे निकाल, गुणतक्ता, वर्गणी आणि मॅचनंतरच्या चहा-भज्यांचा हिशेब. ही वही कशी लिहावी हे पुढच्या सेक्रेटरीला कळावं म्हणून हा लेख. मागच्या वर्षी मी ती कशी लिहिली नाही, तेही त्यात येणारच आहे.

सुरुवात थोड्या इतिहासाने करतो (मास्तरकी करतोय असं वाटलं तर हा परिच्छेद सोडा). जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब इंग्लंडमधला शेफील्ड एफसी, स्थापना 1857. पहिला क्लब म्हटल्यावर खेळणार कोणाशी? दुसरा क्लबच नाही! मग हे लोक आपल्यातच संघ पाडायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे वगैरे. शेजारच्या हॅलम क्लबशी त्यांची पहिली मॅच झाली 26 डिसेंबर 1860 रोजी, आणि ती शेफील्डने 2–0 जिंकली. दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचा हौशी लोकांचा निकाल आज मला माहीत आहे, कारण तेव्हा कोणीतरी तो लिहून ठेवला. 2011 मध्ये या क्लबचे हस्तलिखित नियम आणि जुने कागद लंडनला लिलावात 8 लाख 81 हजार पौंडांना गेले. आपल्या वहीवर चहाचे डाग आहेत, त्यामुळे तेवढे येणार नाहीत. असो.

आता कामाचं. आपल्याकडे संघ 6: ए, बी, सी, डी हे चार ब्लॉक, डे-स्कॉलर आणि स्टाफ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर सामने किती? 6 गुणिले 5 भागिले 2, म्हणजे 15. दर रविवारी 3 धरले तर 5 रविवार. हे सगळ्यांना जमतं. गाडी अडते ती कोणत्या रविवारी कोण कोणाशी, यावर. पहिल्या वर्षी मी हे अंदाजाने केलं आणि चौथ्या रविवारी सी ब्लॉकच्या वाट्याला दोन मॅच आल्या. पोरं मेली धावून.

याची सोपी युक्ती आहे. संघांना 1 ते 6 नंबर द्या. वरच्या ओळीत 1, 2, 3 आणि त्यांच्या बरोबर खाली 6, 5, 4 लिहा. वरचा खालच्याशी खेळेल: 1–6, 2–5, 3–4. पुढच्या रविवारी 1 ला जागेवर ठेवायचं आणि बाकीचे पाच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक घर सरकवायचे. मग येतं 1–5, 6–4, 2–3. त्याच्या पुढच्या रविवारी 1–4, 5–3, 6–2. असं पाच वेळा केलं की सगळे सगळ्यांशी खेळून झालेले असतात, एकही जोडी परत येत नाही. आणि संघ पाचच असतील तर? सहाव्या जागी रिकामा संघ धरायचा. ज्याची गाठ रिकाम्याशी पडेल त्याला त्या रविवारी सुट्टी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

गुणांचं सगळ्यांना ठाऊक आहे: विजयाला 3, बरोबरीला 1. पूर्वी विजयाला 2 असायचे. त्यामुळे दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय, आणि संघ निवांत 0–0 खेळत बसायचे. इंग्लंडने 1981 मध्ये 3 गुण सुरू केले, वर्ल्डकपमध्ये ते 1994 ला आले.

खरा घोळ गुण सारखे झाले की सुरू होतो. इथे जरा थांबतो, कारण माझी चूक इथेच झाली.

1923–24 च्या सीझनमध्ये इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये हडर्सफील्ड टाउन आणि कार्डिफ सिटी या दोघांचे 42 सामन्यांनंतर 57–57 गुण झाले. त्या काळी नियम होता गोल सरासरीचा, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. हडर्सफील्डचे 60 भागिले 33, म्हणजे 1.818. कार्डिफचे 61 भागिले 34, म्हणजे 1.794. फरक फक्त 0.024! हडर्सफील्ड चॅम्पियन. कार्डिफने शेवटच्या मॅचमध्ये एक पेनल्टी घालवली होती, ती गेली असती तर प्रश्नच नव्हता. आता गंमत बघा. आजच्यासारखा गोलफरक लावला तर दोघांचाही +27. मग जास्त गोल कोणाचे? कार्डिफचे, 61. म्हणजे तीच पोरं, तेच सामने, तेच गोल, आणि नियम बदलला की ट्रॉफी दुसऱ्या गावाला जाते. इंग्लंडमध्ये गोलफरक आला तो 1976 मध्ये. 1989 ला आर्सेनल आणि लिव्हरपूल गुणांवर सारखे, गोलफरकावरही सारखे, तेव्हा आर्सेनल 73 विरुद्ध 65 अशा जास्त गोलांवर जिंकली. 2018 च्या वर्ल्डकपमध्ये तर जपान पुढे गेला आणि सेनेगल घरी, कारण जपानची पिवळी कार्डं कमी होती. स्पेनच्या लीगमध्ये गुण सारखे झाले तर आधी एकमेकांमधले सामने बघतात, इंग्लंडमध्ये आधी गोलफरक. यातला अमुक एकच बरोबर असं काही नाही. नियम कोणताही चालतो, फक्त तो पहिल्या मॅचच्या आधी लिहिलेला पाहिजे.

मी लिहिला नव्हता.

मागच्या वर्षी पाच रविवार संपले तेव्हा बी ब्लॉक आणि स्टाफ, दोघांचे 10–10 गुण. दोघांचे 3 विजय, 1 बरोबरी, 1 पराभव. स्टाफचे गोल 9, खाल्लेले 4, फरक +5. बी ब्लॉकचे 14 आणि 8, फरक +6. आणि एकमेकांमधली मॅच स्टाफने 2–1 जिंकलेली. मी गोलफरक लावला आणि बी ब्लॉकला विजेता जाहीर केलं. मी राहतो कुठे? बी ब्लॉकमध्ये.

त्यातही त्या +6 मध्ये एक गाठ होती. बी विरुद्ध डी ही मॅच दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी झाली. डी ब्लॉकची निम्मी पोरं आधीच घरी पळालेली, ते 8 जणांनी खेळले (नियमाप्रमाणे 7 असले तरी मॅच सुरू होते). वहीत निकाल 6–1. दोन दिवसांनी डी चा कॅप्टन रूमवर आला, म्हणाला, "6–2 आहे रे. शेवटच्या मिनिटाला आपला गोल झालाय." रेफ्री होता फायनल इयरचा, तो इंटरव्ह्यूला पुण्याला गेलेला. फोन केला तर म्हणतो नक्की आठवत नाही. 6–2 धरलं तर बी चा फरक होतो +5. स्टाफचाही +5. म्हणजे अख्खी ट्रॉफी त्या एका गोलावर, आणि तो गोल झाला की नाही हे कोणालाच सांगता येईना.

असं कसं झालं? उत्तर भज्यांत आहे, खरंच. आपल्याकडे रविवारी रात्री मेस बंद. दुपारची फीस्ट उरकली की मेसचे लोकही मोकळे, म्हणून मॅच चारला. मॅच संपली की वर्कशॉपच्या पायऱ्यांवर दोन्ही संघ बसतात आणि मेसचे काका (हेच स्टाफचे लेफ्ट बॅक) शेगडी विझवायच्या आधी कांदाभजी आणि चहा देतात. डोकी 20 रुपये. आणि आधीच्या सिनिअर्सनी घालून दिलेली पद्धत अशी की भजी आली की हरलेल्या संघाच्या कॅप्टनने निकाल मोठ्याने वाचायचा, कोणी गोल केले ते सांगायचं, आणि जिंकलेल्याने वहीत सही करायची. मला पहिल्या वर्षी ही नुसती मजा वाटायची, हरलेल्याची खेचण्यासाठी. पण त्या वाचनात 22 जण ऐकत असतात. चुकीचा एक शब्द निघाला की "ए, थांब थांब!" असा ओरडा होतो. म्हणजे ती पंगत हेच आपलं ऑडिट होतं.

त्या रविवारी पाऊस आला. भजी नाहीत, सगळे रूमवर पळाले. मी रात्री ग्रुपवर निकाल टाकला, सोळा जणांनी अंगठा दिला आणि विषय संपला. सही नाही, वाचन नाही.

स्टाफचे कॅप्टन म्हणजे वर्कशॉपमधले मामा, गोलकीपर. मी त्यांना तक्ता दाखवला तेव्हा ते भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." भांडले असते तर बरं झालं असतं. बक्षीस समारंभाच्या जेवणाला स्टाफमधलं कोणीही आलं नाही. तांबडा-पांढरा रस्सा होता, उरला. नंतरच्या टर्ममध्ये मैत्रीपूर्ण सामने ठेवले. पहिल्या रविवारी 14 जण आले, दुसऱ्या रविवारी 9, तिसऱ्या रविवारी मी आणि बॉल.

त्याच सुमारास माझा रूम पार्टनर मला कोल्हापूरला घेऊन गेला. तो मंगळवार पेठेतला. कोल्हापूरचा फुटबॉल मी ऐकून होतो, पाहिला पहिल्यांदा. तिथे संघ म्हणजे तालीम: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या तालमी, आणि त्यांच्याच नावाने फुटबॉल. अनिकेत जाधव, जो 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तो याच जिल्ह्यातला. राजर्षी शाहू स्टेडियममध्ये पेठच्या पेठ येऊन बसते. आजोबा, पोरं, सगळे. मॅच सुटल्यावर आम्ही तालमीच्या कट्ट्यावर गेलो, तर तिथे पूर्ण मॅच तोंडाने पुन्हा खेळली गेली, मिनिटागणिक. पार्टनर म्हणाला, "इथं एक गोल कोण चोरून दाखवू दे!" फुटबॉलची जर्सी घालणारी पोरंच गणपतीत वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन फिरतात, मिरवणुकीत तीच पुढे. निकाल आणि उत्सव यांची माणसं वेगळी नाहीतच. मी एसटीत परत येताना काही बोललो नाही, पार्टनरला वाटलं झोप आली.

या वर्षी एक ए-फोर कागद मेसच्या बोर्डावर लावला आहे, रेक्टर सरांच्या सहीने. गुण सारखे झाले तर आधी एकमेकांमधला सामना, मग गोलफरक, मग जास्त गोल, मग चिठ्ठी. आधी एकमेकांमधला सामना का, असं बी ब्लॉकने तोंड वाकडं करून विचारलंच. त्यांना उत्तर देतो. 38 सामन्यांत गोलफरकाला अर्थ आहे. पाच सामन्यांत नाही. मागच्या वर्षीच्या आपल्या +6 मधले 5 गोल त्या एका 8 जणांच्या संघाविरुद्धचे होते. प्रॅक्टिकलला पाच रीडिंगमध्ये एक असं वेडंवाकडं आलं तर आपण जर्नलमध्ये सरासरी काढतो का? (काढतो, पण सरांना कळतं.) पाऊस आला तर भजी मेसच्या व्हरांड्यात होतील. वाचून सही झाल्याशिवाय निकाल ग्रुपवर जाणार नाही. मागच्या वर्षीच्या वहीत 6–1 मी खोडलेलं नाही, शेजारी 6–2 लिहून "वाद" असा शेरा मारला आहे आणि खाली माझी सही केली आहे. ट्रॉफी अजून आमच्या कॉमन रूममध्येच आहे, त्यावर बी ब्लॉकची मीटिंग व्हायची आहे.

वही घेऊन मामांकडे गेलो होतो. त्यांनी लेथ बंद करून हात पुसले, ते पान पूर्ण वाचलं, आणि म्हणाले, "बघू. पोरांना विचारतो." नावं द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तोपर्यंत वेळापत्रकात सहावा संघ पेन्सिलने लिहून ठेवला आहे.