टर्बाइन तापले, सेन्सर बावचळला

प्रश्न : मी साखर कारखान्यात देखभाल विभागात आहे. टर्बाइनच्या बेअरिंगवर चुंबकाने बसवलेला अ‍ॅक्सेलरोमीटर तासाभराने वेडेवाकडे आकडे दाखवतो. सेन्सर बदलला, तरी तेच. काय करावे?

उत्तर : तिसरा सेन्सर मागवू नका, आधी त्या जागेचे तापमान मोजा. नेहमीच्या औद्योगिक सेन्सरच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक्स असते आणि ते साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंतच तग धरते. वाफेच्या बाजूला ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सेन्सर चालू असताना मल्टिमीटरने बायस व्होल्टेज पाहा. १० ते १२ व्होल्ट बहुधा ठीक. शून्याजवळ असेल तर शॉर्ट, २४ व्होल्टच्या सप्लायइतका असेल तर वायर तुटलेली. तापताना आकडा सरकत गेला, की चोर सापडला.

तिथे चार्ज प्रकारचा सेन्सर लावा. त्यात नुसता स्फटिक. अ‍ॅम्प्लिफायर लांब, थंड जागी. मात्र याची केबल भारी नाजूक मिजाशीची. ती नुसती हलली, तरी आतल्या घर्षणाने खोटा सिग्नल तयार होतो. म्हणून लो-नॉइज केबलच घ्या आणि ती जागोजागी क्लॅम्पने आवळा.

आणि चुंबक काढाच. रंग खरवडा, पृष्ठभाग सपाट करा, स्टडवर बसवा. रंगाच्या थरावर चिकटवलेला सेन्सर मी इतक्या ठिकाणी पाहिलाय, की आता आधी तिथेच नख लावून बघतो.