हलके म्हणजे उणे नव्हे

संगणकाच्या पडद्यावरील बटण नेमके कोण रेखाटते, यावरून त्याचे ‘भारी’ व ‘हलके’ असे दोन प्रकार पडतात. जावा भाषेच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक बटण कार्यप्रणालीकडून मागून घ्यावे लागे; त्याला तिची स्वतंत्र खिडकी असे. हा भारी घटक, जणू स्वतंत्र घरच. परंतु सर्व प्रणालींत जे समान, तेवढेच घटक देता येत, तक्ता नव्हता. १९९८ साली जावात ‘स्विंग’ हा संच सामील झाला. त्यातील बटणे जावा स्वतःच एका मोठ्या खिडकीत रेखाटते. एका वाड्यातील बिऱ्हाडेच ती! जावाचे श्रम वाढले खरे, पण तक्ते व वृक्षाकार याद्याही लाभल्या. तात्पर्य, नावावरून योग्यता ठरवू नये. काम कोण करतो, ते पाहावे.