पाणी कुणाचं?

प्रश्न : आमचं घर नागोठण्याला, अंबा नदीपासून जवळ. माझा थोरला भाऊ अलिबागकडे पर्यटकांच्या बोटींवर काम करतो. त्याने एक जुनी जेट बोट विकत घेतली. मोटारीच्या जातीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि मागे पंप. बोट धक्क्याला बांधून ठेवली की रात्रभर तळ कोरडा. इंजिन हळू चालवलं तरी कोरडा. पण खाडीत जोरात फेरी मारून आलो की इंजिनाखाली दोन-तीन बादल्या पाणी असतं. मेस्त्रींनी सगळे होस पाईप बदलले, नव्या क्लिपा घातल्या, शाफ्टचं सीलही बदललं. पाणी आहे तसंच आहे. हल्ली एखाद्या सकाळी स्टार्टर ‘टक्’ करून थांबतो, थोड्या वेळाने घेतो. हे पाणी येतं कुठून? आणि दुसरं, ही बोट पावसाळ्यात अंबेतून वर जांभूळपाड्यापर्यंत जाईल का?
— एक वाचक, नागोठणे

उत्तर : आधी त्या स्टार्टरचं बघू. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. पुन्हा कधी सकाळी इंजिन ‘टक्’ करून थांबलं, तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नका. बॅटरी उतरली असेल असं समजून दुसरी बॅटरी तर मुळीच जोडू नका. सिलिंडरमध्ये हवा असेल तर पिस्टन ती दाबतो. पाणी दाबलं जात नाही. तुमच्या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये अर्धा कप पाणी साचलं तरी पिस्टन वर जाताना अडतो, आणि तेव्हा स्टार्टरने जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गळती शोधण्याचं कामच उरत नाही, इंजिन उघडावं लागतं.

‘थोड्या वेळाने घेतं’ याचाही अर्थ चांगला नाही. तेवढ्या वेळात पाणी पिस्टनच्या रिंगांवरून झिरपून खाली ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑईल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं दिसलं, पातळी वर चढलेली असली, तर इंजिन चालवणं लगेच थांबवा. पावसाळी हवेत झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पांढरट फेस धरतो, तो नुसत्या दमटपणाचा असू शकतो. डिपस्टिकवर तसा रंग दिसला तर मात्र शंका ठेवू नका.

असा प्रसंग आला तर इंजिनावरचं झाकण उघडून पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्या, इग्निशनची वायर काढा, सहाही स्पार्क प्लग काढा आणि क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडेल. ते कुठल्या नंबरच्या सिलिंडरमधून आलं हे लिहून ठेवा, कारण पुढच्या तपासात त्याचा फार उपयोग आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत पाणी असेल तर हेड गॅस्केटवर संशय जातो. एकाच सिलिंडरमध्ये असेल तर धुराच्या वाटेवर.

आता मूळ प्रश्न. मेस्त्रींनी मेहनत केली आहे, पण जिथे ओलं दिसलं तिथली वस्तू बदलत गेले. बोटीत ही पद्धत फसते. जेट बोट वेग घेते तेव्हा नाक वर उचलते आणि तळातलं सगळं पाणी मागे, म्हणजे इंजिनाखाली, धावतं. ते पुढच्या टोकाला गळलं असलं तरी सापडतं मागेच. म्हणून पाणी कुठून येतं हे विचारण्याआधी ते केव्हा येतं आणि ते कुणाचं आहे, हे विचारायला हवं.

केव्हा, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. रात्रभर बांधलेली बोट कोरडी राहते, म्हणजे तळाला भोक नाही, चीर नाही. शाफ्टचं सीलही बहुधा निर्दोष होतं. हे कसं ते समजून घेण्यासारखं आहे. जेट बोटीच्या तळाला जाळी असते. तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, पंपाचा इंपेलर त्याला ढकलतो आणि मागच्या नळीतून ते जोराने बाहेर फेकलं जातं. इंजिनाकडून येणारा शाफ्ट जिथे पाण्याच्या बोगद्यात शिरतो तिथे ते सील असतं. बहुतेक बोटींत ती जागा इंपेलरच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला येते. बोट उभी असताना बाहेरचं पाणी तिथून आत यायला बघतं. पण उभ्या बोटीला एकदम जोर दिला की त्या जागी ओढ निर्माण होते आणि खराब सील पाणी आत सोडण्याऐवजी हवा आत घेतं. मग इंजिन भणभणतं आणि बोट हलत नाही. तुमची तक्रार बरोबर उलटी आहे. उभ्याने कोरडी, जोरात ओली.

म्हणजे शोध घ्यायचा तो दाबाच्या बाजूला. बऱ्याच जेट बोटींत इंजिन थंड ठेवणारं पाणी इंपेलरच्या पलीकडून, जिथे दाब असतो तिथूनच, एका नळीने घेतात. ते इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून आणि धुराच्या मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतींमधून फिरून बाहेर पडतं. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की दाब चौपट, तिप्पट झाले की नऊपट. हळू चालवताना जी फट एक थेंबही सोडत नाही, ती पूर्ण वेगात धार सोडते. धक्क्याला इंजिन हळू चालवून, बॅटरीच्या उजेडात कितीही वेळ बघत बसलात तरी ती दिसणार नाही.

एक निरपराध शक्यता आधी दूर करा. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची नळी मागच्या बाजूला बाहेर निघत असेल, तर जोर देताना बोटीची मागची बाजू खाली बसते आणि नळीचं तोंड पाण्याखाली जातं. तिथून पाणी उलटं आत येऊ शकतं. एका फेरीपुरतं ते तोंड घट्ट बंद करा. तळ कोरडा राहिला तर सुटलात.

पुढे, पाणी कुणाचं? काही इंजिनांत मोटारीसारखं रंगीत कूलंट बंद वाटेने फिरतं आणि खाडीचं पाणी फक्त त्या कूलंटला थंड करतं. तशी बाटली तुमच्या इंजिनावर असेल तर तिची पातळी फेरीआधी आणि फेरीनंतर बघा. चव घेऊन पाहू नका, कूलंट गोडसर लागतं आणि ते विषारी असतं. खाडीचं पाणी ओळखायला बारावीच्या प्रयोगशाळेतलं सिल्व्हर नायट्रेट पुरे. तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत खाडीचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत बोटीच्या तळातलं. प्रत्येकीत नायट्रिक आम्लाचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. मिठाच्या पाण्यात दह्यासारखा पांढरा साका धरतो, नळाच्या पाण्यात जेमतेम गढूळपणा येतो. तिसरी नळी कुणासारखी दिसते ते बघा. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आनंदाने करून देतील.

ही परीक्षा उन्हाळ्यातच करा. धरमतरच्या खाडीतून भरतीबरोबर खारं पाणी वर सरकतं ते उन्हाळ्यात. आषाढ-श्रावणात अंबा सह्याद्रीचं गोडं पाणी घेऊन येते तेव्हा खाडीचं पाणी आणि नळाचं पाणी यांत फरक दाखवणं अवघड.

आता कुठून, याकडे वळू. तळ पूर्ण उपसा, फडक्याने पुसा, केरोसिनने तेलकटपणा काढा आणि उघड्या हवेत नीट सुकू द्या. मग इंजिनाच्या अंगावर, प्रत्येक सांध्याखाली, कोअर प्लगांच्या भोवती खडूची पूड भुरभुरवा. भरतीच्या वेळी, उधाणाचे दिवस बघून, खोल पाण्यात दहा मिनिटं जोरात चालवा. ओहोटीत हे करू नका. नागोठण्याची खाडी आता गाळाने भरली आहे. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले प्रवासी ज्या वाटेने बोटीतून नागोठण्याला उतरत, तीच ही वाट. आज तिथे उथळ पाण्यात जेट चालवलं तर तळाची जाळी चिखल, वाळू, प्लास्टिक सगळं आत ओढेल. वाळू इंपेलर खाते, सीलचे घासणारे पृष्ठभाग ओरबाडते आणि थंड पाण्याच्या वाटा बुजवते.

परत आल्यावर पुसू नका. ओल्या पुडीची रेघ कुठून सुरू होते ते बघा, सगळ्यात वरचं टोक शोधा. शाफ्टच्या रेषेत बोटीच्या दोन्ही बाजूंना आणि झाकणाच्या आतून सारखी ओली पट्टी उठली असेल, तर फिरता शाफ्ट पाणी भिरकावतो आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. खारं पाणी गरम लोखंडावर सुकलं की पांढरी मिठाची रेघ मागे ठेवतं. पेणच्या मिठागरांच्या मुलखात मीठ कसं धरतं हे तुम्हाला सांगायला नको. गळणारी जागा चालू इंजिनात दिसत नाही, पण ती सही करून जाते. पावसाळा असेल तर त्याऐवजी पाण्यात फ्लुरेसिन रंग सोडून नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चने शोधा, हिरवा चमकेल.

माझा अंदाज विचाराल, तर मी धुराच्या मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या वरच्या एल्बोच्या गॅस्केटवर बोट ठेवीन. दोन्ही तक्रारींना एकच कारण पुरतं तेव्हा आधी तेच तपासावं. ओतीव लोखंडाच्या या भांड्यात एका भिंतीपलीकडे तापलेला धूर आणि अलीकडे खारं पाणी असतं. भिंत आतून गंजत जाते. बाहेरच्या बाजूने फुटली तर जोरात चालवताना पाणी तळात येतं. आतल्या बाजूने फुटली तर इंजिन चालू असताना धूर ते पाणी बाहेर ढकलत राहतो, म्हणून काहीच कळत नाही. इंजिन बंद केलं की पोकळीत उरलेलं पाणी रात्रभर थेंब थेंब उतरतं. त्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत थांबला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातं, मिटलेला असेल तर बाहेरच अडतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश भाग तो व्हॉल्व्ह उघडा असतो. इंजिन कुठल्या स्थितीत थांबेल हा योगायोग. म्हणून तुमच्याकडे हे रोज घडत नाही, ‘एखाद्या सकाळी’ घडतं. तुमचा तो शब्द वाचला आणि माझा संशय पक्का झाला.

मॅनिफोल्ड काढून आणा, त्याची पाण्याची एक वाट झाकणाने बंद करा, दुसरीतून साधारण एक किलो दाबाची हवा भरा आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं टाकीत बुडवा. बुडबुडे दिसले की शोध संपला. नाही दिसले तर टाकीतलं पाणी कडकडीत तापवून पुन्हा करा. लोखंडातली केसाएवढी चीर थंडपणी मिटलेली असते, तापल्यावर उघडते. थंड परीक्षेत पास झालेला मॅनिफोल्ड निर्दोष समजून परत बसवला जातो, आणि मग महिनोन्‌महिने माणसं भलतीकडे शोधत राहतात. खाऱ्या पाण्याने कुजलेला मॅनिफोल्ड वेल्डिंग करून वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक भोक बुजवलं तरी शेजारची भिंत तितकीच पातळ झालेली असते.

आणखी एक गोष्ट भावाला विचारा. फेरीनंतर नळाच्या पाण्याने इंजिन धुता का? धुणं चांगलंच आहे, पण क्रम चुकला तर हीच तक्रार उभी राहते. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. बंद इंजिनात नळ सोडला तर पाणी बाहेर फेकायला धूरच नसतो, ते मॅनिफोल्ड भरून सिलिंडरकडे वळतं. आणि पाण्याबाहेर काढलेल्या बोटीचं इंजिन नळ न जोडता चालवलं तर पंपाचं सील आणि रबरी बेअरिंग कोरडं घासून जळतं.

ऑईलमध्ये पाणी गेलंच असेल तर गळती बंद केल्यावर लगेच ऑईल आणि फिल्टर बदला, इंजिन नीट तापेपर्यंत चालवा आणि ऑईल स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा बदला. हे पुढच्या रविवारवर ढकलू नका. खारं पाणी बेअरिंगवर बसून राहिलं तर काही दिवसांत गंज धरतो.

जांभूळपाड्याचं. बोटीच्या जातीचा विचार केला तर प्रश्न रास्त आहे. ही बोट उथळ नद्यांसाठीच घडली. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात मेंढ्या पाळणाऱ्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ती तयार केली, कारण तिथल्या गोटाळ नद्यांत पंखा लावलेली बोट टिकत नसे. हिच्या तळाखाली पंखा नाही, सुकाणूही नाही. १९७७ साली एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेतून उलटे वर निघाले आणि हिमालयात नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत गेले.

पण तुम्ही जाऊ नका. जेट बोट वळते ती मागून फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताने. इंजिन बंद पडलं की झोत नाही, झोत नाही तर वळणं नाही आणि थांबणंही नाही. अंबेला पूर आला म्हणजे काय होतं हे १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याने सोसलं आहे, नागोठण्यालाही ते नव्याने सांगावं लागत नाही. नदीवर बंधारे आहेत, पुरात ते पाण्याखाली दिसतही नाहीत. सकाळी सुरू होईल की नाही याची खात्री नसलेलं इंजिन घेऊन त्या प्रवाहात शिरणं म्हणजे जीव पणाला लावणं आहे. गळती बंद करा, पुढच्या उन्हाळ्यात भरतीच्या वेळी खाडीतच चालवा, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट असू द्या. आणि पर्यटक बसवायचे असतील तर त्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे बोटीची तपासणी आणि नोंदणी करून घ्या. मॅनिफोल्ड बुडवल्यावर काय दिसलं आणि कितव्या सिलिंडरमधून पाणी आलं, ते मला जरूर कळवा.