माकणीहून 'मकानी'ला

दुबईत इमारतीच्या दाराशी दहा आकडी नंबराची एक पाटी असते. पत्त्याच्या या व्यवस्थेचं नाव 'मकानी', म्हणजे अरबीत 'माझी जागा'. मी लोहारा तालुक्यातल्या माकणीचा, निम्न तेरणा धरणाच्या गावचा. पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भर रस्त्यात एकटाच हसलो.

इतिहास थोडक्यात: 1833 पासून मक्तूम घराणं, खाडीवर मोत्यांचा व्यापार, 1966 साली तेल, 1971 साली अमिरातींचं संघराज्य. बुर्ज खलिफा बघा, फोटो काढा. मात्र अनोळखी माणसाचा फोटो त्याला न विचारता काढू नका, इथे तो गुन्हा आहे.

आता कामाचं. खसखस आणू नका. पुन्हा सांगतो, आणू नका. इथे ती अमली पदार्थांत मोडते. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा आईने अनारशांचा डबा दिला होता. मुंबईला विमानतळाच्या रांगेतल्या एका काकांनी तो पाहून मला बाजूला घेतलं. डबा तिथेच सोडला. आईला अजून सांगितलेलं नाही. आपल्या काळ्या तिखटातही खसखस पडते, तेव्हा घरी विचारून घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या लागत असतील तर डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि इथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच काढलेली हवी.

व्हॉट्सअॅपवर शिवी देऊ नका. गावाकडे 'बघून घेतो' हे बोलता बोलता निघून जातं. इथे ती लेखी धमकी होते. ऑनलाइन अपमानाला अडीच ते पाच लाख दिरहम दंड आहे, कैदही होऊ शकते. आणि कार्यकर्त्यांनो, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं नाही. परवान्याशिवाय देणग्या गोळा करायला बंदी आहे. गावात गणपतीची वर्गणी मागत मोठा झालेल्या मला हे पचायला वर्ष लागलं.

नोकरीला येणाऱ्या पोरांसाठी: व्हिजिट व्हिसावर काम धरू नका. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, तो ठेवून घ्यायचा हक्क मालकाला नाही. भाड्याच्या कराराची 'इजारी' नोंदणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. प्लायवूडच्या पार्टिशनमधल्या एका पलंगासाठी मी एका दलालाला दोन महिन्यांची अनामत दिली. महिनाभरात पार्टिशन पाडलं गेलं, पैसे बुडाले. तो दलाल मराठीच होता, हे जास्त लागलं.

रमजानात दिवसा चारचौघांत खाणंपिणं टाळा. मराठवाड्याच्या माणसाला हे शिकवायला नको. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि धाराशिवच्या दर्ग्याच्या उरुसाला सगळेच जातात. पण तेवढ्यावर 'मला सगळं माहीत आहे' असं समजू नका. मी समजलो होतो. एकदा भर दुपारी बसस्टॉपवर पाण्याची बाटली तोंडाला लावली. कुणी काही बोललं नाही. शेजारचा मजूर फक्त तोंड फिरवून बसला. त्याचा रोजा होता.

दुबईला येताना अनारसे जरूर आणा. तीळ लावून आणा.