फोन ठेवायला शीक

चि. सोनूस,


पगाराचं खातं उघडलं, कार्डही हातात आलं, हे कळून फार आनंद झाला. आत्याची सगळी नोकरी बँकेत गेली, म्हणजे आता ती बचतीवर लिहिणार, असं तुला वाटलं असेल. ते पुढच्या पत्रात. आधी आहेत ते पैसे राखायचं बघू.

तुला एक ना एक दिवस फोन येईल. "मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी अपडेट नाही, संध्याकाळपर्यंत खातं ब्लॉक होईल." बोलणं सभ्य असेल, मराठीही चांगली असेल. तुझं पूर्ण नाव, जन्मतारीख, कदाचित कार्डाचे शेवटचे चार आकडेही तो सांगेल. एवढं माहीत आहे म्हणजे बँकेचाच माणूस, असं मनात येतं आणि तिथेच घात होतो. ही माहिती आपण दुकानात, कुठल्या कुठल्या ॲपवर देऊन बसलेलो असतो. ती विकली जाते. स्क्रीनवर बँकेचं नाव झळकलं तरी तो पुरावा नव्हे. नाव आणि नंबर दोन्ही खोटे दाखवता येतात.

म्हणून आवाजावरून खरं-खोटं पारखण्याच्या भानगडीत तू पडूच नकोस. भलेभले शिकलेले लोक त्यातच अडकतात, कारण पारखत बसलं की तेवढा वेळ आपण त्याच्या ताब्यात असतो. सरळ फोन ठेव. मग कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लाव. गुगलवर कस्टमर केअर शोधू नकोस, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडू नये, हे आपल्या घरचं वळण. समोरचा अहो-जाहो करत असला की फोन ठेवायला जीव धजत नाही. या एका बाबतीत ते वळण बाजूला ठेव. "फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका" असं म्हणणारा बँकेचा नसतोच.

ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कुणालाही द्यायचे नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण आता ते न विचारताही चोरी होते. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची एपीके फाइल येते. ती फोनमध्ये घेऊन मागेल त्या परवानग्या दिल्या की तुझे एसएमएस थेट भामट्याला दिसू लागतात. स्क्रीन शेअर करायला लावतात, तेही त्याचसाठी. आणि रिफंड द्यायचाय म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर पक्कं समज की पैसे जाणार आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

इतकं करूनही फसलीस, तर लाजेपायी गप्प बसू नकोस. आम्ही रागावू ही भीती तर मुळीच बाळगू नकोस. त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, बँकेला सांगून कार्ड आणि खातं बंद करायला लाव. गेलेले पैसे भराभर या खात्यातून त्या खात्यात फिरतात आणि मग काढले जातात; काढले जाण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही हाच वेळेचा हिशोब आहे. चूक तुझीही नाही, बँकेचीही नाही, असा व्यवहार झाला आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तू कळवलंस, तर तुझ्यावर भार शून्य. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे रडण्यात गेलेला अर्धा तासही महाग पडतो.

हे पत्र वहिनींना वाचून दाखव आणि त्यांच्या फोनमध्ये १९३० आजच सेव्ह करून दे. त्या दिवसभर घरी एकट्या असतात, आणि असे फोन त्यांनाही येणार आहेत.

तुझी,
आत्या